गिरणगावातली कामं: बायांची कोणती, पुरुषांची कोणती?



स्त्री-पुरुष समानता हा घटक शिकवताना आपण बहुतेकदा सावित्रीबाईंपासून सुरुवात करतो आणि अंतराळवीर स्त्रियांपर्यंत येऊन थांबतो. मुलं वहीत पाच-सहा नावं लिहितात, परीक्षेत ती नावं बरोबर येतात. पण आपल्याच गल्लीत कोणाला कुठलं काम मिळालं, कोणाला नाही आणि का, हा प्रश्न मात्र राहून जातो. लालबाग-परळ भागातल्या शाळांसाठी तर हा धडा दाराशीच आहे. म्हणून या वेळी आठवी-नववीच्या मुलांना सांगता येईल असं, गिरण्यांच्या निमित्ताने.

आजच्या मुलांना गिरणी म्हणजे पिठाची गिरणी वाटते, किंवा मॉलच्या मागे दिसणारी उंच चिमणी. त्यामुळे आधी एवढं सांगावं लागतं: मुंबईत कापड गिरण्या सुरू झाल्या १८५० च्या दशकात आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षं परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा भाग भोंग्यावर उठला आणि भोंग्यावर झोपला. कामगार आले कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुरातून, घाटावरून. पुष्कळ पुरुष एकटे आले. बायको-मुलं गावी, आणि इथे चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपणारे. हे 'गाळे' मुलांना फार आवडतात, त्यावर प्रश्नही खूप येतात. थोडा वेळ द्या.

आता मुख्य मुद्दा. गिरणीत बाया होत्या का? होत्या, आणि थोड्याथोडक्या नव्हेत. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक स्त्री होती. पण गिरणीत सगळीकडे नाही. त्या दिसत मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. साचेखातं, म्हणजे विणकाम, हे पुरुषांचं. तिथली मिळकत चांगली, मानही मोठा. बायांच्या खात्यावर नाईकीण असे, पुरुषांवर जॉबर किंवा मुकादम. भरती त्यांच्याच हातात.

याच ठिकाणी जातीचा मुद्दाही येतो आणि तो गाळू नये. साचेखात्यात धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. म्हणजे एकाच इमारतीत कुठल्या दारातून आत जायचं हे जन्माने ठरत होतं: पुरुष की बाई आणि कुठल्या जातीची. 'बायांची बोटं नाजूक म्हणून त्यांना सुताचं काम' असं कारण मुलं स्वतःहून देतात. त्यांना विचारा, घरी बारीक सुई कोण चालवतं आणि शिंप्याच्या दुकानात मशीनवर कोण बसलेलं असतं? बोटांचं कारण तिथेच गळून पडतं.

मग या पाचांतल्या एक बाईचं पुढे काय झालं? स्वातंत्र्यानंतर गिरण्यांतल्या बाया कमी होत गेल्या. १९८२ चा संप झाला तेव्हा त्या अगदी थोड्या उरल्या होत्या. एक कारण नवीन यंत्रं. त्यांनी आधी बायांचीच खाती आकसली. दुसरं कारण रात्रपाळी. स्त्रियांना रात्री कारखान्यात कामाला बंदी होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात ही वेळ संध्याकाळी ७ ते सकाळी ६ अशी होती. तीन पाळ्या सुरू झाल्यावर मालकाला फिरत्या पाळीत बसणारा पुरुष सोयीचा झाला. तिसरं कारण समजायला जरा अवघड आहे, पण मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

१९२९ मध्ये मुंबई प्रांताने प्रसूती लाभ कायदा केला. देशातला या प्रकारचा हा पहिला कायदा. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये विधिमंडळात पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या काळात कामगार स्त्रीला पैसे मिळावेत ही मागणी अगदी रास्तच. पण ते पैसे द्यायचे कोणी? त्या गिरणीच्या मालकाने. मग मालकाने हिशेब केला: बाई घेतली की खर्च वाढतो, पुरुष घेतला की नाही. पुढे १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने हा खर्च सर्वांच्या वर्गणीतून भागवण्याची सोय आणली, तीच योग्य वाट होती.

पाळणाघराचंही तसंच. १९४८ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त स्त्रिया असतील त्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं होतं. १९७६ मध्ये हा आकडा ३० वर आणला. हे फळ्यावर लिहा आणि मुलांना मालक बनवा: तुमच्याकडे ३० बाया आहेत, आणखी एक अर्ज आलाय, काय कराल? चतुर मुलांना उत्तर लगेच सापडतं, आणि थोड्या वेळाने त्यांचेच चेहरे गंभीर होतात. २०१७ च्या दुरुस्तीने हे बदललं. आता ५० किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघर, मग त्यात बाया किती हे मोजायचं नाही. मूल काही एकट्या आईचं नसतं, हे कायद्याला कळायला जवळपास सत्तर वर्षं गेली. त्याच दुरुस्तीने बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे केली, पण जिथे विमा नाही तिथे पगाराचा भार पुन्हा एकट्या मालकावरच. १९२९ चा धडा इथे विचारायला हरकत नाही.

गिरणीतून बाहेर पडलेल्या बाया घरी बसल्या का? मुळीच नाही. एकट्या राहणाऱ्या त्या हजारो पुरुषांना जेवू कोण घालत होतं? खानावळवाल्या बाया. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, तोही तिन्ही पाळ्यांच्या वेळा सांभाळून. पहाटे चारला चूल पेटायची. यांतल्या कित्येक जणी विधवा किंवा नवऱ्याने टाकलेल्या. जेवणारा पैसे द्यायचा महिन्याच्या पगारावर, म्हणून किराणा उधारीवर आणि उधारी व्याजावर. संप झाला की पगार बंद, पण जेवण बंद करता येत नसे. १९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या संपात या बायांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. म्हणजे संपाचा खर्च त्यांनी उचलला, पण कामगार म्हणून त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं.

कामगार चळवळीत काम करणाऱ्या प्रेमाताई पुरव यांनी हे ओळखलं. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि तारण नसलेल्या या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकार सुटला. पुढे २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. त्याआधी गिरगावात १९५९ साली सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, ते लिज्जत. दोन्ही उदाहरणं अभिमानाची. पण वर्गात एक प्रश्न जरूर विचारा: दोन्ही ठिकाणी बायांना मिळालेलं काम स्वयंपाकघरातलंच का होतं? मला स्वतःला यात कमीपणा वाटत नाही, पण त्यांच्यापुढे दुसरा पर्याय होता का, हे मुलांनी शोधावं.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्यानंतर कित्येक घरांत कमावणारा बदलला. बायका पोळी-भाजी करून देऊ लागल्या, भाजी विकायला बसल्या, दादर-माटुंग्यात धुणीभांडी करू लागल्या, शिवणकाम घरी आणू लागल्या. नवरा घरी, बायको बाहेर. घरातली भांडी मात्र बहुतेक ठिकाणी तिनेच घासली.

आता उपक्रम. मुलांनी घरातल्या किंवा चाळीतल्या एका आजीशी बोलावं. ती कुठलं काम करायची, पैसे कोणाच्या हातात यायचे, तिला कुठलं काम करायचं होतं आणि ते का मिळालं नाही, एवढंच विचारावं. नंतर वर्गात कामांचे तीन रकाने करा: पगाराचं, बिनपगारी आणि पैसे मिळतात पण कुठे नोंद नाही असं. खानावळ कुठल्या रकान्यात टाकायची यावर चांगली भांडणं होतात, होऊ द्या.

पालकांना विनंती, मूल विचारायला आलं तर 'मी काय, घरीच असते' असं उत्तर देऊ नका. दिवसभराची कामं वेळेसकट सांगा. आणि शिक्षकांनी एक पथ्य पाळावं. आई काय करते हे कोणालाही उभं करून सर्वांसमोर विचारू नये. काही मुलांची आई शेजारच्या टॉवरमध्ये घरकामाला जाते आणि त्याच टॉवरमधली मुलं त्याच बाकावर बसलेली असतात. त्यांना लिहून द्यायला सांगा, नाव न घालता.