जुन्या संगणकाचे अनुकरण आणि कालाची अचूकता

गायकाचा गळा उत्तम असावा, शब्द व सूर बिनचूक असावेत, आणि तरीही सम चुकावी, म्हणजे श्रोत्यांचा रसभंग होतो. जुन्या गृहसंगणकाचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रॅमची गतही अशीच असते. या प्रोग्रॅमला एम्युलेटर म्हणतात. तो आजच्या संगणकावर चालतो. परंतु आपण जुनेच यंत्र आहोत अशा रीतीने त्याने वागावयाचे असते. त्याची सम कशी साधावी, हे आपण एका उदाहरणावरून पाहू.

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने झेडएक्स स्पेक्ट्रम हा संगणक विक्रीस आणला. घरातील दूरचित्रवाणी संच हाच त्याचा पडदा, आणि प्रोग्रॅम साठविण्यासाठी साधी कॅसेट. त्याच्या ४८ के प्रकारातील झेड ८० हा प्रोसेसर सेकंदाला ३५ लक्ष ठोक्यांच्या गतीने चालतो. पडद्यावरील एका पूर्ण चित्रास ३१२ ओळींचा वेळ लागतो, आणि प्रत्येक ओळीस २२४ ठोके. विद्यार्थ्यांनी गुणाकार करून पाहावा : ६९,८८८ ठोके, म्हणजेच सेकंदाला सुमारे ५० चित्रे.

प्रत्येक आज्ञेस किती ठोके लागतात हे कोष्टकात दिलेले असते. मग ते ठोके मोजत गेले की काम झाले, असे आपणांस वाटेल. परंतु तसे होत नाही. चित्र रेखाटणारी यूएलए नावाची चिप आणि प्रोसेसर या दोघांनाही स्मृतीचा एकच १६ के भाग वापरावा लागतो. एका पाणवठ्यावर दोन घागरी एकदम भरता येत नाहीत. एकीस थांबावेच लागते. येथे थांबतो तो प्रोसेसर. चित्राच्या १९२ ओळी काढल्या जात असताना हा विलंब दर आठ ठोक्यांत ६, ५, ४, ३, २, १, ०, ० अशा क्रमाने बदलतो.

आता त्या भागातील एका घरातील संख्या एकाने वाढविण्याची आज्ञा घेऊ. आज्ञा स्वतः स्मृतीच्या मोकळ्या भागात आहे असे मानू. कोष्टकाप्रमाणे तिला ११ ठोके लागतात : आज्ञा आणण्यास ४, संख्या वाचण्यास ३, वाढविण्यास १ व परत लिहिण्यास ३. वाचन नेमके सर्वाधिक विलंबाच्या क्षणी सुरू झाले, तर प्रथम ६ ठोके थांबावे लागते. वाढविण्यापूर्वी आणखी ५. लिहिण्यापूर्वी मात्र शून्य. अकराचे बावीस झाले! जो एम्युलेटर आज्ञा संपल्यावर एकदम ११ मिळवितो, त्याला हा हिशेब कधीच जुळणार नाही. म्हणून सुधारणेची पहिली पायरी ही, की आज्ञेचे तुकडे पाडावे आणि प्रत्येक तुकड्यापूर्वी विलंब तपासावा.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते? एका ठोक्याच्या अवधीत पडद्यावर दोन ठिपके उमटतात. तेव्हा ११ ठोक्यांची चूक म्हणजे २२ ठिपक्यांचे अंतर. चित्राच्या कडेवर रंगीत पट्टे काढणारा प्रोग्रॅम असेल, तर पट्टे वेडेवाकडे दिसतात. ध्वनीचेही तसेच. या यंत्रात ध्वनिक्षेपकास प्रोसेसर स्वतःच ठोके मोजून हलवितो. मोजणी चुकली की सूर उतरतो किंवा चढतो.

दुसरी पायरी पडताळणीची. एखाद्या ठरावीक ठोक्यास कडेचा रंग बदलणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा, तो खऱ्या यंत्रावर व एम्युलेटरवर चालवावा आणि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावी. तर्क कितीही सुसंगत असला, तरी अंतिम साक्ष यंत्राचीच मानावयाची.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. जुनी यंत्रे आता एकेक करून बंद पडत आहेत. कॅसेटाही जीर्ण होत आहेत. ज्यांनी एकेक ठोका मोजून ते प्रोग्रॅम रचिले, त्यांची कृती पुढील पिढीस बहुतेक एम्युलेटरद्वारेच भेटणार आहे. अनुकरण सदोष असेल, तर मूळ कर्त्याचा नसलेला दोष त्याच्या माथी बसेल. यंत्राने काय केले एवढे नोंदवून भागत नाही. ते केव्हा आणि किती थांबले, हेही जपावे लागते. विद्यार्थ्यांनी इतके ध्यानात ठेविले, तरी या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.