मतदाराच्या हाती पुस्तक

अभ्यासलेख



आदिवासी भागातील कामाचा विषय निघाला की शाळा, वसतिगृह, दवाखाना, पिण्याचे पाणी या गरजा आपल्याला लगेच सुचतात. ग्रंथालय यादीच्या शेवटी येते, कधी येतच नाही. नव्याने लोकशाही स्वीकारलेल्या देशाला सार्वजनिक ग्रंथालय का लागते आणि पाड्यावरच्या माणसाला त्याचा काय उपयोग, हे आपण या अंकात पाहू.

१. मत आधी, अक्षर नंतर

१९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक सुरू झाली आणि सुमारे १७ कोटी मतदारांची नोंद झाली. अनेक देशांत मताचा अधिकार आधी जमीनदारांना व शिकलेल्यांना मिळाला, इतरांना पुष्कळ उशिरा. आपल्या संविधानाने २१ वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषाला तो एकदमच दिला. बहुतेकांना वाचता येत नव्हते म्हणून प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी ठेवली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह लावले.

चिन्ह ओळखून मत देता येते. पण निवडून दिलेल्या माणसाने पुढे काय केले, कोणता कायदा झाला, आपल्या गावाच्या वाट्याला काय आले, हे चिन्हावरून कळत नाही. त्यासाठी वाचावे लागते किंवा वाचून दाखवणारे कोणी जवळ असावे लागते.

२. दिल्लीचा प्रयोग

पहिले मतदान २५ ऑक्टोबर १९५१ रोजी हिमाचल प्रदेशात झाले. दोनच दिवसांनी, २७ ऑक्टोबरला, पंतप्रधान नेहरूंनी जुन्या दिल्लीत दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाचे उद्घाटन केले. भारत सरकार आणि युनेस्को यांनी मिळून ते उभे केले होते. आशियातील इतर देशांनाही नमुना मिळावा, हा हेतू होता.

तेथे वर्गणी नव्हती. वाचक स्वतः कपाटापर्यंत जाऊन पुस्तक हाताळू शकत होता. त्या काळी अनेक ठिकाणी पुस्तके कुलपात असत आणि मागितल्याशिवाय दिसतही नसत. दुसरी गोष्ट आपल्यासाठी अधिक महत्त्वाची आहे. वाचता न येणाऱ्यांसाठी आणि नवसाक्षरांसाठी तेथे व्याख्याने, चित्रपट, गटचर्चा आणि सोपी पुस्तके यांची सोय होती. ‘लोक शिकले की मग ग्रंथालय काढू’ असे म्हणत कोणी थांबले नाही.

३. पेटी आणि बैलगाडी

याच्या कितीतरी आधी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी हा मार्ग धरला होता. १९०६ साली त्यांनी आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर वाचायला काही मिळाले नाही तर शिकलेले अक्षर पुसले जाते, हे ओळखून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले आणि गावोगावी ग्रंथालये उभी केली. जेथे ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या जात. एका गावाने पेटी वाचून परत केली की ती दुसरीकडे जाई. १९३१ मध्ये दक्षिणेत मन्नारगुडीच्या परिसरात बैलगाडीवरून पुस्तके नेण्यास सुरुवात झाली. पक्की इमारत नाही, ही अडचण तेव्हाही होती. पण तिच्यामुळे काम अडले नाही.

४. कायदा आणि त्यातील उणीव

स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १९४८ साली मद्रास प्रांतात झाला. त्यामागे डॉ. एस. आर. रंगनाथन यांचे मोठे श्रम होते. घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर घेऊन तो पैसा ग्रंथालयांसाठीच वापरायचा, अशी तरतूद त्यात होती.

महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. येथे वेगळी पद्धत निवडली गेली. लोकांनी संस्था स्थापन करून ग्रंथालय चालवायचे आणि शासनाने त्याला अ, ब, क, ड असा वर्ग ठरवून अनुदान द्यायचे. या पद्धतीने हजारो गावांत वाचनालये उभी राहिली, हे खरे. पण संस्था नोंदवायला, सभासद जमवायला आणि हिशेब ठेवायला शिकलेली माणसे व हाताशी थोडा पैसा लागतो. ज्या पाड्यावर या दोन्ही गोष्टी नाहीत, तेथे ग्रंथालयाची गरज सर्वांत जास्त असते आणि ते मिळण्याची शक्यता सर्वांत कमी.

५. साठ दिवसांची गोष्ट

याने काय बिघडते? एक उदाहरण घेऊ. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासींना हक्काचा दावा करता येतो. वैयक्तिक दाव्याचा नमुना वेगळा आणि सामूहिक दाव्याचा वेगळा. दावा प्रथम ग्रामसभेपुढे जातो. ग्रामसभेचा ठराव मान्य नसेल तर उपविभागीय समितीकडे आणि त्या समितीचा निर्णय मान्य नसेल तर जिल्हा समितीकडे दाद मागता येते. प्रत्येक वेळी मुदत ६० दिवसांची. शिवाय अर्जदाराला आपले म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्याशिवाय त्याच्या विरोधात अर्ज निकालात काढता येत नाही.

ज्याला हे माहीत आहे तो दाद मागतो. ज्याला एकसष्टाव्या दिवशी कळते तो तालुक्याच्या गावी कोणाच्या तरी दारात हात जोडून उभा राहतो. हक्क दोघांचाही सारखाच होता. पाड्यावरच्या एका कपाटात या कायद्याची मराठी प्रत आणि कोरे नमुने असते आणि दहावी झालेल्या एखाद्या मुलीने ते ग्रामसभेत मोठ्याने वाचून आपल्या बोलीत समजावले असते, तर दुसऱ्याची जमीनही वाचली असती.

मोबाईल आहे ना, असे कोणी म्हणेल. पण मोबाईलवर बहुधा दुसऱ्याने पाठवलेले येते. ग्रंथालयात माणूस स्वतःचा प्रश्न घेऊन जातो.

६. आपण काय करू शकतो?

• घरातली रद्दी पाठवू नये. आधी गावाला विचारावे. कायद्याच्या मराठी पुस्तिका, शेती व आरोग्याची माहिती, मुलांची चित्रमय पुस्तके, भरतीच्या परीक्षांची पुस्तके आणि रोजचे वर्तमानपत्र यांना मागणी असते.
• भिली, कोरकू, गोंडी, वारली अशा बोलींत जे छापील मिळेल ते मिळवावे. आठवड्यातून एकदा सामूहिक वाचन ठेवावे.
• लोक कामावरून परततात त्या वेळी, म्हणजे संध्याकाळी, ग्रंथालय उघडे असावे. अनामत रक्कम घेऊ नये.
• नोंदवही गावातल्याच तरुण-तरुणींच्या हाती द्यावी.
• येणाऱ्याला धर्म, जात किंवा पक्ष विचारू नये. पैसा आपण दिला तरी ग्रंथालय सर्व गावाचे आहे. तेथे केवळ आपल्याच विचारांची पुस्तके ठेवली तर ते सार्वजनिक राहणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपण मदत करतो त्या गावापासून सर्वांत जवळचे ग्रंथालय किती अंतरावर आहे? ते कधी उघडे असते?
२. त्या गावातील लोकांना कोणती माहिती वेळेवर न मिळाल्याने नुकसान सोसावे लागले?
३. एक पेटी पुस्तके तीन पाड्यांवर आळीपाळीने फिरवायची झाली, तर तिची जबाबदारी कोण घेईल?