रद्द झालेल्या प्रवासाचे पैसे

रेल्वेचे तिकीट आपण सर्वांनीच कधी ना कधी काढले आहे. तिकीट हा प्रवासी आणि रेल्वे यांच्यातील एक करार असतो, याची जाणीव मात्र ठरलेला प्रवास मोडला म्हणजेच होते. २०२० आणि २०२१ या वर्षांत कोरोनाच्या साथीमुळे देशभर असंख्य प्रवास मोडले. बंगळूर आणि महाराष्ट्र यांच्यामधील प्रवासाचे उदाहरण घेऊन, भरलेले पैसे कोणत्या नियमाने परत मिळतात आणि कोठे अडकतात, हे या पाठात आपण पाहणार आहोत.

नोकरी, शिक्षण किंवा मजुरी यांसाठी बंगळुरात राहणारी मराठी माणसे उद्यान एक्सप्रेसने सोलापूर, पुणे, मुंबईकडे, नाहीतर राणी चेन्नम्मा एक्सप्रेसने बेळगाव, मिरजेकडे जात-येत असतात. २०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. सणाला गावी जायचे म्हणून ज्यांनी आरक्षण केले होते, त्यांच्यापुढे २२ मार्चला अडचण उभी राहिली. त्या दिवसापासून रेल्वेने देशातील प्रवासी गाड्या थांबवल्या. प्रथम ३१ मार्चपर्यंत, मग १४ एप्रिलपर्यंत, मग ३ मेपर्यंत. पाडव्याच्या दिवशीच देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. आरक्षणाच्या खिडक्याही बंद होत्या.

अशा वेळी माणूस काय करतो? घाईघाईने तिकीट रद्द करून मिळतील तेवढे पैसे पदरात पाडून घेतो. येथेच नुकसान होण्याचा संभव असतो. गाडी रेल्वेने रद्द केली, तर संपूर्ण भाडे परत मिळते. तिकीट प्रवाशाने रद्द केले, तर रद्दीकरण शुल्क कापले जाते. समजा, चार जणांच्या कुटुंबाने शयनयान वर्गाची तिकिटे काढली आणि दर माणशी भाडे ४५० रुपये पडले. एकूण १,८०० रुपये झाले. तेव्हा लागू असलेल्या २०१५ च्या नियमांनुसार गाडी सुटण्यास ४८ तासांहून अधिक अवधी असताना निश्चित तिकीट रद्द केले, तर शयनयानासाठी दर माणशी १२० रुपये कापले जात. म्हणजे ४८० रुपये गेले, १,३२० उरले. ४८ ते १२ तासांच्या दरम्यान भाड्याचा चौथा हिस्सा जाई, पण तो १२० पेक्षा कमी धरत नसत. म्हणून येथेही ४८० रुपयेच. १२ ते ४ तासांच्या दरम्यान निम्मे, म्हणजे ९०० रुपये जात. तीच गाडी रेल्वेने रद्द केली, तर एक पैसाही कापला जात नसे. म्हणूनच मार्च २०२० मध्ये, गाडी रद्द झाली असल्यास संगणकावरून काढलेले तिकीट स्वतः रद्द करू नका, पूर्ण रक्कम आपोआप खात्यात जमा होईल, अशी सूचना प्रवाशांना देण्यात आली होती.

ज्यांनी आधीच घाई केली होती, त्यांचाही विचार पुढे झाला. २१ मार्च ते १४ एप्रिल २०२० या काळातील प्रवासाची तिकिटे २७ मार्चपूर्वी रद्द करणाऱ्यांना कापलेली रक्कम परत देण्याचे रेल्वेने जाहीर केले. संगणकीय तिकिटांची उरलेली रक्कम खात्यात येणार होती. खिडकीवरच्या तिकिटांसाठी मात्र २१ जून २०२० पर्यंत अर्ज भरून द्यावा लागणार होता. ही त्या वेळची खास सवलत होती, नेहमीचा नियम नव्हे.

खिडकीवर घेतलेल्या कागदी तिकिटाची गोष्टच निराळी. त्याचे पैसे आपोआप कोठेच जमा होत नाहीत. तिकीट घेऊन खिडकीवर जावे लागते. रद्द झालेल्या गाडीसाठी एरवी तीन दिवसांची मुदत असते. खिडकीच बंद असेल, तर ही मुदत निरर्थक ठरते. म्हणून ती आधी ४५ दिवस, मग तीन महिने, मग सहा महिने करण्यात आली. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये, २१ मार्च ते ३१ जुलै २०२० या काळात रद्द झालेल्या नेहमीच्या गाड्यांसाठी ती प्रवासाच्या तारखेपासून नऊ महिन्यांपर्यंत वाढवली गेली. २२ मे २०२० पासून काही खिडक्या टप्प्याटप्प्याने उघडू लागल्या होत्या. संगणक न वापरणाऱ्या, रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाकडे बहुधा हेच कागदी तिकीट असते, आणि ज्याला पैशांची निकड अधिक, त्यालाच ते परत मिळवण्यासाठी हेलपाटा घालावा लागतो. हा भेद साथीने निर्माण केला नाही. फक्त उघडा केला.

२०२१ साली प्रश्नाचे रूप बदलले. विशेष गाड्या धावत होत्या, पण राज्यांचे निर्बंध होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील आरटी-पीसीआर चाचणीचा नकारात्मक अहवाल कर्नाटकाने सक्तीचा केला. अहवाल वेळेत मिळाला नाही, तर प्रवासी अडे. गाडी मात्र सुटे. रेल्वेने गाडी रद्द केलेली नसल्यामुळे पूर्ण परताव्याचा हक्कही उरत नसे. याला एक अपवाद मे २०२० पासून होता. स्थानकावरील तपासणीत ताप किंवा लक्षणे आढळून प्रवास नाकारला गेला, तर पूर्ण भाडे परत मिळे. सोबतच्यांनीही प्रवास सोडला, तर त्यांचेही. त्यासाठी तिकीट तपासनिसाचा दाखला आणि दहा दिवसांच्या आत टीडीआर, म्हणजे तिकीट ठेव पावती, आवश्यक असे. या पावतीच्या नावाने फसू नये. ती पैसे मिळाल्याची पावती नसून परताव्याची मागणी नोंदवल्याचा पुरावा आहे.

विम्याविषयीही असाच गैरसमज आढळतो. संगणकावर तिकीट काढताना एक रुपयाहूनही कमी हप्त्यात मिळणारा ऐच्छिक विमा १ सप्टेंबर २०१६ पासून सुरू झाला. अपघाती मृत्यू, अपंगत्व, रुग्णालयाचा खर्च यांसाठी तो आहे. रद्द झालेल्या तिकिटाचे भाडे तो भरून देत नाही.

स्वतःला जाता येत नसेल, तर आणखी एक वाट असते. आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, पती किंवा पत्नी यांच्या नावावर निश्चित तिकीट एकदा बदलून घेता येते. त्यासाठी गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण पर्यवेक्षकाकडे अर्ज करावा लागतो. शिवाय १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच सुरू होत असल्याने पैसे पूर्वीइतके दीर्घकाळ अडकून पडत नाहीत. शुल्काचे जे आकडे वर दिले आहेत, ते त्या काळचे आहेत. तिकीट काढताना चालू नियम खिडकीवर विचारून घ्यावेत.

पाठगत प्रश्न

१. वरील उदाहरणातील कुटुंबाने गाडी सुटण्याच्या दहा तास आधी तिकिटे रद्द केली, तर त्यांना किती रुपये परत मिळतील?

२. २०२० मधील आणि २०२१ मधील प्रवाशाच्या अडचणींत कोणता फरक होता?

३. खिडकीवरील तिकिटाची मुदत वारंवार का वाढवावी लागली, ते आपल्या शब्दांत लिहा.