वस्तीचं गाणं खरं कधी वाटतं

मानोरा तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर दिवाळी सरली की घरांना कुलपं लागायला सुरुवात होते. कुणी ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातं, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर. माझं निम्मं बालपण अशाच एका बांधकामाशेजारच्या पत्र्याच्या खोल्यांत गेलं आणि उरलेलं तांड्यावर आजीजवळ. आता मी इथेच शिकवते. सुट्टीच्या दिवशी मोठ्या मुलामुलींना समाजमंदिरात प्रोजेक्टर लावून सिनेमे दाखवते. त्यातही परक्या शहरात पोट भरायला गेलेल्यांच्या वस्तीवरचे, गाण्यांनी भरलेले सिनेमे मुद्दाम निवडते. झोया अख्तरचा २०१९ चा 'गली बॉय' धारावीतला. जॉन चू यांचा २०२१ चा 'इन द हाइट्स' न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्स भागातला. डोमिनिकन रिपब्लिक, पोर्तो रिको, क्यूबा अशा स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखांतून आलेली कुटुंबं तिथे राहतात. हे सिनेमे पाहताना, पोरांशी बोलताना आणि माझं मला आठवत गेलं तसं जे हाती लागलं, ते इथे लिहिते.

१. पहिलं गाणं चालू असताना हात काय करतात ते बघावं.

'इन द हाइट्स'मधला उस्नावी कोपऱ्यावर किराणा आणि चहा-कॉफीचं छोटं दुकान चालवतो. सकाळी तो शटर उघडतो तर फ्रीज बंद पडलेला आणि दूध नासलेलं. गिऱ्हाईक दारात उभं. मग शेजारची म्हातारी सांगते, आटवलेल्या डब्यातल्या दुधावर भागव. हे सगळं गाण्यातच घडतं. कामाचीच लय गाण्याला मिळते. बांधकामाशेजारच्या आमच्या वस्तीतही दिवस असाच उजाडायचा. पाण्याचा टँकर आला की हंड्यांची रांग, एका हाताने चुलीत काटक्या सारणं, दुसऱ्या हाताने भाकरी थापणं, आणि बाया एकमेकींना हाका मारत नाक्याकडे निघायच्या. या गडबडीत गुणगुणणं सतत असे. ज्या सिनेमात वस्तीतली माणसं कामाला कधी जातच नाहीत आणि फक्त सणाला गातात, तो बाहेरून पाहिलेला आहे असं समजायला हरकत नाही.

२. जे तोंडाने बोलता येत नाही, ते गाण्यात येतं.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'गली बॉय'मधला मुराद वडिलांच्या जागी एका श्रीमंत घरी ड्रायव्हर म्हणून लागतो. एका रात्री मालकाची मुलगी मागच्या सीटवर रडत असते. दोघांच्यात हातभर अंतर, पण त्याने मागे वळून 'काय झालं' एवढंही विचारायचं नाही. ते न विचारलेलं सगळं पुढे त्याच्या कवितेत उतरतं. इथे गाणं काढून टाकलं, तर त्या मुलाच्या मनात काय चाललंय हे आपल्याला कधीच कळणार नाही, कारण नोकराला संवाद दिलेलेच नसतात.

आमच्या लोकांना ही गोष्ट फार आधीपासून ठाऊक आहे. लग्नात नवरी मुलगी ढावलो म्हणते. आईबापाच्या, भावाच्या गळ्यात पडून, सूर लावून रडत गाते, आणि त्या गाण्यात ती जे विचारते ते एरवी विचारण्याची तिची छाती नसते. मला इतक्या लांब का देता, इतक्या लवकर का देता. होळीला लेंगी म्हणतात, तेव्हा नायक-कारभाऱ्यांचीही गय नसते. मला वस्तीतली एक होळी चांगली आठवते. सुट्टी एकाच रात्रीची होती. डफडा तापवला होता, कुणीतरी जेवणाची थाळी उलटी करून चमच्याने ताल धरला होता. आमच्या ओळीतली एक काकी, एरवी मुकादमासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ न देणारी, फेर धरून उभी राहिली आणि तिने लेंगीत मुकादमाच्या वहीचा सगळा हिशोब काढला. उचल किती दिली, खाडे किती लावले, औषधाचे पैसे कुठल्या पानावर मांडले. मुकादम तिथेच बसलेला होता. त्याला हसावंच लागलं, कारण होळी होती. सकाळी काकी पुन्हा घमेलं घेऊन गुमान कामावर. पण ती गोष्ट सगळ्या वस्तीसमोर उघडपणे बोलली गेली होती, आणि पुढच्या हिशोबाला चार माणसं वही बघायला गेली.

म्हणून कुणी म्हणालं की गरिबांच्या सिनेमात इतकी गाणी कशाला, गाण्याने वास्तव पातळ होतं, तर मला ते पटत नाही. आमच्या वास्तवातला सगळ्यात खरा भाग गाण्यातच होता.

३. गाव पडद्यावर दिसलं नाही तरी चालेल, पण ते प्रत्येकाच्या बोलण्यात हवं.

उस्नावीच्या मनात वडिलांचा डोमिनिकन समुद्रकाठचा बार असतो. तो परत उभा करायचा, तिथे जाऊन राहायचं, या आशेवर तो न्यूयॉर्कमधले दिवस काढतो. शेवटी तो राहतो मात्र तिथेच, त्याच कोपऱ्यावर. हा शेवट आमच्या पोरांना पटकन कळला. त्यांच्या घरातही 'दोन वर्षं काढू, घर बांधू आणि परत येऊ' हे वाक्य वर्षानुवर्षं बोललं जातं. घर बांधलंही जातं. तांड्यावर आज स्लॅबची घरं आहेत, रंग दिलेली, दारावर संत सेवालाल महाराजांची फरशी बसवलेली, आणि आत राहायला म्हातारी तेवढी. सोयाबीन-तुरीच्या कोरडवाहू तुकड्यावर ते घर चालत नाही, म्हणून ते बांधणारा बाहेर.

मराठीत ही ताटातूट अण्णाभाऊ साठ्यांनी मांडली. वाटेगावहून मुंबईला पायी आलेला आणि घाटकोपरच्या चिराग नगरात राहिलेला हा माणूस. त्यांची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली. बेळगाव-कारवार बाहेर राहिल्याचं दुःख त्यांनी मुंबईत पोट भरायला आलेल्या नवऱ्याच्या विरहातून सांगितलं. मुंबईच्या कामगाराला ते लगेच लागलं, कारण राजकारण दूर ठेवलं तरी ती त्याच्या घरचीच गोष्ट होती.

४. म्हातारीला स्वतःचं गाणं आहे का?

वॉशिंग्टन हाइट्समधली आजी क्लॉडिया कुणाचीच सख्खी आजी नाही, तरी सगळी गल्ली तिला आजी म्हणते. ती १९४३ साली आईबरोबर क्यूबातून आली आणि आयुष्यभर लोकांच्या घरची साफसफाई करत राहिली. उन्हाळ्याच्या काहिलीत वीज जाते आणि त्या रात्री ती जाते. सिनेमाने तिला जाण्याआधी एक अख्खं गाणं दिलंय, त्यात तिचं पोरपण आहे, थंडी आहे, कामं आहेत. आशीर्वादाला हात वर करण्यापुरती ती पडद्यावर येत नाही. आमच्या वस्तीतही अशी एक म्हातारी होती. बाया स्लॅबवर गेल्या की दहा-बारा लेकरं तिच्या नजरेखाली, झोळ्यांतली आणि रांगती दोन्ही. तिला कुणी पगार देत नव्हतं. सांजच्याला कुणी भाकरी आणून द्यायचं, कुणी चहापत्ती. तिच्या तरुणपणाबद्दल आम्ही कुणीच तिला विचारलं नव्हतं.

५. पैशाचा आकडा नेमका असावा.

'इन द हाइट्स'मध्ये दुकानातून विकल्या गेलेल्या लॉटरीच्या तिकिटाला ९६ हजार डॉलर लागल्याची बातमी येते आणि सगळी गल्ली आपापल्या वाटणीचं स्वप्न गाऊ लागते. सार्वजनिक तरणतलावात शेकडो माणसं घेऊन चित्रित केलेलं ते गाणं भव्य आहे. पण मला त्यातला आकडा आवडतो. न्यूयॉर्कसारख्या शहरात तेवढ्यात कुणी शेठ होत नाही. थकलेलं भाडं, कुणाची फी, धंद्याला थोडा आधार, इतकंच. स्वप्नसुद्धा गरजेच्या मापाचं. आमच्याकडे ऊसतोडीची उचल मिळाली की त्या रात्री घरोघरी हीच वाटणी तोंडी चालते. एवढे सावकाराला, एवढे बहिणीच्या लग्नाला, एवढे बोअरला, आणि उरले तर पोराला कॉलेजात घालू. आकडा बोलून संपेपर्यंत पैसेही संपलेले असतात.

त्याच सिनेमात नीना नावाची मुलगी स्टॅनफर्ड विद्यापीठ सोडून घरी परतते. गल्लीतून एवढ्या मोठ्या ठिकाणी गेलेली ती पहिली. तिच्या फीसाठी बाप टॅक्सीचा धंदा विकायला काढतो, आणि तिथे आपण परके आहोत हे तिला घरी सांगता येत नाही. हा प्रसंग संपला तेव्हा अमरावतीला वसतिगृहात राहून शिकणारी आमची एक मुलगी उठून बाहेर गेली. मागून मी गेले. ती म्हणाली, "मॅडम, घरी वाटते मी तिथं लय खुशीत हाओ."

६. कोण दिसत नाही, तेही मोजावं.

'इन द हाइट्स' प्रदर्शित झाल्यावर त्याच समाजातून एक तक्रार आली. वॉशिंग्टन हाइट्समध्ये गडद कातडीची, आफ्रिकी वंशाची डोमिनिकन माणसं इतकी राहतात, मग मुख्य भूमिकांत ती कुठे आहेत? मूळ संगीतिका रचणाऱ्या लिन-मॅन्युएल मिरांडा यांनी ती तक्रार मान्य करून जाहीर माफी मागितली. ज्या वस्तीचं पहिल्यांदा एवढं मोठं चित्र झालं, तिथल्याच लोकांनी 'आम्ही यात नाही' म्हणणं मला फार योग्य वाटलं. आनंद झाला म्हणून गप्प बसायचं नसतं.

धारावीचंही तसंच. तिथे कुंभारवाड्यात गुजरातेतून आलेले कुंभार आहेत, चामड्याच्या कामात तमिळ माणसं आहेत, पापड लाटणाऱ्या बाया आहेत, मराठी घरं आहेत. 'गली बॉय'ने एक गल्ली निवडली आणि ती जीव लावून दाखवली. ते पुरेसं आहे, पण ती सगळी धारावी नव्हे.

आणि आम्ही? हिंदी सिनेमात बंजारा बाई कितीदा तरी आली. आरशांची काचळी, घेरदार फेटिया, हातभर बलिया, शेकोटीभोवतीचा नाच. गाणं संपलं की ती गेली. तिला नाव नसतं, तांडा नसतो, मुलंबाळं नसतात. शहरातल्या इमारती जिने डोक्यावर विटा वाहून उभ्या केल्या ती बाई याच समाजातली आहे, आणि तिला पडद्यावर मी अजून मुख्य भूमिकेत पाहिलेलं नाही. कष्टाची बाई आणि नाचाची बाई या सिनेमाने दोन वेगळ्या बाया करून टाकल्या. माझी याडी, म्हणजे आई, दोन्ही होती.

७. बघायला येणाऱ्यांचंही चित्र असावं.

'गली बॉय'मध्ये परदेशी पाहुणे पैसे भरून धारावी बघायला येतात, मुरादच्या एवढ्याशा घरात डोकावतात, फोटो काढतात. त्यांच्यातल्या एकाच्या टी-शर्टवर अमेरिकी रॅपर नॅसचं नाव असतं आणि मुराद त्याला नॅसच्याच ओळी ऐकवतो. आपल्याला प्रेक्षणीय मानणाऱ्याला आपण कोण ते सांगायचं, तेही न चिडता. होळीला आमच्या तांड्यांवरही कॅमेरे घेऊन माणसं येतात. आलेल्या माणसाला चहा आधी द्यावा आणि नाव-गाव विचारून मगच फोटो काढू द्यावा, एवढी शिस्त आम्ही आता लावली आहे.

८. सिनेमा शेवटी येतो. गाणी आधी लागतात.

मिरांडा हे वॉशिंग्टन हाइट्सच्या शेजारच्याच इनवूड भागात वाढले. 'इन द हाइट्स'चा पहिला खर्डा त्यांनी कॉलेजात शिकताना केला. २००८ मध्ये ती संगीतिका ब्रॉडवेवर आली, त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट संगीतिकेचं टोनी पारितोषिक तिला मिळालं, आणि सिनेमा व्हायला पुढे २०२१ उजाडलं. 'गली बॉय'च्याही चार वर्षं आधी, २०१५ मध्ये, डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या पोरांचं 'मेरे गली में' येऊन गेलं होतं. दिग्दर्शक वस्तीत आली तेव्हा गाणी तिथे तयार होती.

आमच्याकडे गाण्यांची कमी नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. नंगारा या वाद्याच्या आकाराची ती वास्तू आहे, आमचा इतिहास तिथे मांडलेला आहे. रामनवमीला पोहरादेवीला लाखोंची यात्रा भरते, बाहेर गेलेले त्या निमित्ताने परततात, तेव्हा गाडी-ट्रॅक्टरच्या डाल्यांत रात्रभर भजनं आणि लेंग्या चालू असतात. पण त्यातलं पुण्याच्या नाक्यावरचं, मुकादमाच्या वहीचं, कुलूपबंद स्लॅबच्या घराचं गाणं किती जणांनी लिहून ठेवलंय? पोरं मोबाईलवर लेंगीला डीजेचा ताल लावून टाकतात. मला ते वाईट वाटत नाही. शब्द मात्र जुनेच राहतात.

परवा 'इन द हाइट्स' दुसऱ्यांदा दाखवल्यावर आपला सिनेमा कुठून सुरू करायचा यावर आमच्याकडे वाद पेटला. एक मुलगा म्हणे, रात्री पुण्याला निघणाऱ्या ट्रॅव्हल्सपासून, कारण तिच्या डिकीत पीठ, भांडी, गोधड्या आणि कोंबडीही जाते. दुसरी म्हणाली, नाही, मुकादमाचा ट्रक तांड्यात शिरतो तिथून. तिसरीने तीजपासून सुरू करायचं म्हटलं. टोपलीत पेरलेला गहू उगवून वर येईपर्यंत मुली रोज पाणी घालतात, आणि त्यातल्या कुणाचं लग्न पुढल्या वर्षी कुठे ठरलेलं असेल ते कुणालाच माहीत नसतं. तासभर कुणी माघार घेईना. मी मध्ये पडले नाही. सगळ्यांना एक काम तेवढं दिलं. पुढच्या वेळी येताना प्रत्येकाने आपापल्या आजीकडून तिने तिच्या लग्नात म्हटलेला ढावलो लिहून आणायचा, तिच्याच बोलीत, आणि खाली लिहायचं की लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी ती कुठे कामाला गेली होती.