एकाच नोंदीच्या अनेक प्रती

गांधीबागेतील घाऊक कापडबाजारात कार्बन घालून पावतीपुस्तक भरताना ज्याने पाहिले आहे, त्यास प्रस्तुत विषय निम्मा समजलाच. वरच्या कागदावर अक्षर उमटते त्याच क्षणी ते खालच्या कागदावरही उमटते. उलट, दिवसाचे व्यवहार रात्री दुसऱ्या वहीत उतरवावयाचे असा प्रघात असेल, तर दुपारी वही जळताच सकाळचे व्यवहारही गेले. संगणकांतील फायलींची रात्रीची नक्कल आणि तत्क्षणी दुसऱ्या सर्व्हरवर होणारी प्रतिकृती यांत हाच भेद आहे.

ही प्रतिकृती दोन रीतींनी करता येते. पहिलीत दुसऱ्या सर्व्हरकडून पोच येईपर्यंत लिहिणाऱ्यास थांबावे लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे ७०० किलोमीटर लांबीच्या तारेवर जाऊन येण्यास किमान ७ सहस्रांश सेकंद लागतात. हा विलंब कोणत्याही यंत्रास चुकविता येत नाही. दुसऱ्या रीतीत पोचेची वाट न पाहता काम पुढे चालते. मात्र मध्येच पहिला सर्व्हर बंद पडल्यास शेवटच्या काही नोंदी हरवतात.

याहून बिकट प्रसंग म्हणजे दोहोंमधील तार तुटणे. प्रत्येकास वाटते, दुसरा बंद पडला; आणि दोघेही स्वतंत्रपणे नोंदी घेऊ लागतात. तार जुळल्यावर खरा पाठ कोणता मानावा? आपल्या विदर्भात हा प्रश्न जुना आहे. रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत नष्ट झाली. अनुयायांनी स्मरणाच्या आधारे ती पुन्हा लिहिली, तेव्हा निरनिराळे पाठ निर्माण झाले. अभ्यासकांस ते आजही ताडून पाहावे लागतात. संगणकात हा घोटाळा टाळण्यासाठी सर्व्हर तीन ठेवतात, आणि ज्या बाजूस दोन असतील तिनेच लिहावे असा नियम घालतात. एकटा पडलेला गप्प राहतो.

येथे एका गैरसमजाविषयी लिहिणे भाग आहे. दाखलखारीज नोंदवहीतील एखाद्या मुलीची जन्मतारीख संगणकावर चुकीची भरली, तर ती चूकही त्याच वेगाने सर्व प्रतींत जाते. फाईल पुसली, तर सर्वत्र पुसली जाते. प्रतिकृती यंत्र बिघडण्यापासून वाचविते, हात चुकण्यापासून नव्हे. यास्तव रात्रीची ती जुनी नक्कल निराळ्या जागी ठेवावीच लागते, आणि कागदी नोंदवहीही.

वर्गात तीन मुलांस पाट्या देऊन हा खेळ करून पाहावा. एकास मध्येच दाराबाहेर पाठवावे, आत दोन शब्द लिहून घ्यावेत, आणि तो परतल्यावर त्याची पाटी कशी पुरी करावी हे मुलांनाच विचारावे.