मसाला बदलला, तरी चिकनची चव तीच का?

प्रश्न : आमच्याकडे बुधवारी आणि रविवारी चिकन होतं. मी कधी मालवणी मसाला घालते, कधी कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला, कधी तयार पाकीट. तरी मुलं म्हणतात, "आई, मागच्यासारखंच लागतंय." मसाला वेगळा असूनही चव एकच का येते? शिवाय सासूबाईंना तिखट सोसत नाही, मुलांना रस्सा नको असतो. प्रत्येकासाठी वेगळं करायचं तरी कसं? आणि बोनलेस तुकडे दर वेळी कोरडे का पडतात?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलांची जीभ बरोबर सांगते आहे. तुम्ही मसाला बदलता, पण त्याच्या आधीचं सगळं तसंच राहतं. बहुतेक घरांत चिकनचा क्रम ठरलेला असतो : तेलात कांदा लाल करायचा, आलं-लसूण घालायचं, टोमॅटो मऊ होईपर्यंत परतायचा, मग मसाला, मग चिकन आणि झाकण. परतलेल्या कांद्याची गोडी आणि टोमॅटोची आंबट-गोड चव मिळून रस्स्याचा पाया तयार होतो. त्यावर दोन चमचे मसाला कुठलाही घातला, तरी रंग आणि तिखटपणा बदलतो, पाया बदलत नाही. त्यात मालवणी काय, कोल्हापुरी काय, मिरची, धणे, लवंग, दालचिनी यांच्यावरच बरेचसे मसाले उभे असतात.

दुसरं कारण खुद्द कोंबडीत आहे. बाजारातली ब्रॉयलर ५ ते ६ आठवड्यांत सुमारे २ किलोची होऊन विक्रीला येते. गावरान कोंबडीला वाढायला ५-६ महिने लागतात आणि तेवढे दिवस ती अंगणभर फिरून, उकरून खात असते. तिच्या स्नायूंभोवतीचं कोलॅजन नावाचं चिवट प्रथिन घट्ट झालेलं असतं. तासभर मंद आचेवर ठेवलं की ते विरघळतं, आणि रस्स्याला अंग येतं, बोटांना किंचित चिकटेल असं. आपल्या आज्यांच्या पद्धती या कोंबडीसाठी घडल्या. ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत शिजून मोकळी होते. तिचा स्वाद पाण्यात उतरायला वेळच मिळत नाही, म्हणून रस्सा नुसत्या मसाल्याच्या चवीचा राहतो.

दर आठवड्याला गावरान आणणं सगळ्यांच्या खिशाला झेपत नाही. त्यापेक्षा कोल्हापूरची रीत उचला. तिथे आधी अळणी, म्हणजे चिकनचं बिनमसाल्याचं पाणी, करतात. दुकानदाराकडून मान, पाठीचा भाग, पंख आवर्जून मागून घ्या. ते टाकायचे नसतात, अळणीचा खरा जीव त्यांत असतो. जाड बुडाच्या पातेल्यात थोड्या तेलावर कांदा नुसता मऊ करा, लाल नको. त्यावर आलं-लसणाचं वाटण, मग चिकन आणि मीठ. तुकडे पांढरे होईपर्यंत परता आणि वर ताटली ठेवून तिच्यात पाणी ओता. खालची वाफ थंड ताटलीला लागून परत चिकनवर पडत राहते, त्यामुळे चिकन आधी स्वतःच्याच रसात शिजतं. ताटलीतलं पाणी कढत झालं की तेच आत ओतायचं, गार पाणी नाही. चांगले तुकडे शिजले की बाहेर काढा. मान आणि पाठ मात्र मंद आचेवर आणखी अर्धा-पाऊण तास राहू द्या. वर चरबीचे बारीक सोनेरी ठिपके तरंगायला लागतात आणि स्वयंपाकघरात चिकनचा म्हणून एक वास येतो, जो मसाल्याखाली एरवी कधी कळतच नाही.

तुमच्या घरातल्या तीन तऱ्हांना हे एकच पातेलं पुरतं. सासूबाईंना मऊ भातावर साजूक तुपाबरोबर ही अळणी तशीच वाढा. वर मिरपूड घातली की आणखी काही लागत नाही. बाहेर काढलेले तुकडे कांदा, सुकं खोबरं आणि थोड्या मसाल्यावर कोरडे परतले की मुलांचं सुकं झालं. उरलेल्या अळणीतून मोठ्यांसाठी तांबडा किंवा पांढरा रस्सा. पांढऱ्याला खसखस, काजू किंवा तीळ बारीक वाटून घाला, थोडा खडा मसाला आणि शेवटी नारळाचं दूध. पांढरा करायचा असेल त्या दिवशी अळणीत हळद घालू नका. नारळाचं दूध घातल्यावर खळाखळा उकळी काढली, तर ते फुटतं.

आता पाया बदलण्याबद्दल. माझं स्पष्ट मत आहे, की तुम्ही महिनाभर चिकनमध्ये टोमॅटो घालूच नये. तो वाईट नाही, पण त्याच्या सवयीपायी आपण बाकीच्या आंबटांना विसरलो आहोत. कोकणी रस्स्यात दोन आमसुलं, हिरव्या वाटणात लिंबू, दह्यात मुरवलेलं चिकन, गोव्याकडचं व्हिनेगर. प्रत्येकाचा आंबटपणा निराळा लागतो. पारशी घरांतल्या मर्घीत तर जर्दाळू घालतात आणि वर बटाट्याची कुरकुरीत सळी पसरतात. तुमच्या मुलांना हा प्रकार फार आवडेल.

पण आंबटापेक्षाही मोठा फरक पाडतं ते खोबरं. ओला नारळ कच्चाच वाटला की रस्सा गोडसर, हलका होतो. त्यात कोथिंबीर, हिरवी मिरची घातली की हिरवं चिकन तयार. तोच नारळ कांद्याबरोबर तांबूस भाजला की मालवणी वाटण. सुक्या खोबऱ्याची वाटी आणि अख्खा कांदा थेट विस्तवावर काळपट होईपर्यंत भाजला, की खानदेशी काळ्या रस्स्याचा रांगडा धुरकट स्वाद. एकच जिन्नस, फक्त आच वेगळी. गोव्याच्या शाकुतीत त्याच्या जोडीला खसखस, धणे, मिरी हेही भाजून वाटलं जातं.

हे भाजणं घाईने होत नाही. किसलेलं सुकं खोबरं कोरड्या कढईत घाला, आच मंद ठेवा, हात थांबवू नका. पहिली काही मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं. मग कडा पिवळसर होतात, खोबऱ्याला तेल सुटून कीस चमकायला लागतो, आणि तिथून रंग झरझर पालटतो. हवा त्या रंगाच्या एक छटा अलीकडेच कीस ताटात उपसा. कढई तापलेली असते. गॅस बंद केला तरी खोबरं त्यात भाजतच राहतं. एवढं सांभाळलं, तर त्यात साधा घरचा मसाला पडला तरी चव नवी येईल.

आठवड्यातला एक दिवस रस्साच करू नका. मुलांना तो नकोच आहे. गोव्याच्या काफ्रियालला कोथिंबीर, हिरव्या मिरच्या, आलं, लसूण, मिरी, दालचिनी आणि लिंबू किंवा व्हिनेगर एवढं एकत्र वाटतात. ही पद्धत पोर्तुगीजांबरोबर मोझांबिककडून आली असं मानतात. लेग पीसला चिरा देऊन वाटण आत चोळा, दोन-तीन तास मुरू द्या आणि थोड्या तेलात तव्यावर दोन्ही बाजूंनी परता. मुलांच्या ताटात मिरची कमी करायची असेल, तर बियांसोबत आतली पांढरी शीरही काढून टाका. हिवाळ्यात रायगडकडे कोणी ओळखीचं असेल, तर पोपटीला नक्की जा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, ओवा-मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, अंडी आणि मसाला लावून केळीच्या पानात बांधलेलं चिकन. पाण्याचा थेंब नाही, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ. गॅसवर तो पाल्याचा वास येणार नाही. मात्र केळीच्या पानात बांधून, घट्ट झाकणाच्या जाड भांड्यात मंद आचेवर शिजवलेलं चिकन घरीही सुरेख होतं.

सोबत काय वाढता, तेही बदला. वड्यांना दाट रस्सा हवा, भाकरी कुस्करायला पातळ, तर्रीचा. घावनाला हिरवं चिकन.

राहिला बोनलेसचा प्रश्न. बोनलेस म्हणून जे मिळतं ते बहुधा छातीचं मांस असतं. त्यात चरबी आणि कोलॅजन दोन्ही कमी, त्यामुळे जास्त वेळ शिजवून ते मऊ होत नाही, उलट पाणी सुटून दोऱ्यासारखं होतं. मांडीचं मांस जास्त आच सोसतं, म्हणून रस्स्याला मांडीचे, हाडाचे तुकडेच घ्या. छातीचे तुकडे करायचे असतील, तर अर्धा-पाऊण तास आधी मीठ चोळून ठेवा. मिठामुळे मांस पाणी धरून ठेवतं. लिंबात किंवा व्हिनेगरमध्ये मात्र त्यांना रात्रभर ठेवू नका, वरचा थर भुसभुशीत होतो. तुकडे एकाच जाडीचे कापा, तवा चांगला तापवा आणि गर्दी न करता थोडे थोडे परता; गर्दी झाली की पाणी सुटतं आणि ते भाजण्याऐवजी उकडतात. चिकन सुरक्षित शिजलं म्हणायला सर्वांत जाड भागाचं तापमान ७४ अंश सेल्सिअस व्हावं लागतं. थर्मामीटर नसेल तर एक जाड तुकडा कापून बघा : आत गुलाबी, कच्चट भाग दिसता कामा नये आणि मांस मध्यापर्यंत पांढरं, वाफाळतं हवं. तसं दिसलं की त्याच क्षणी तव्यावरून उतरवा. रस्स्यात घालायचे असतील, तर रस्सा पूर्ण तयार झाल्यावर, वाढण्याआधी सात-आठ मिनिटं.