ठिणगीचे भवितव्य

स्वयंपाकघरातील गॅसची शेगडी कधी पहिल्याच ठिणगीने पेटते, तर कधी दोनतीन ठिणग्या वाया जातात. तेथे या विलंबाला फारसे महत्त्व नसते. परंतु उड्डाण चालू असताना विमानाचे इंजिन विझले, तर हाच प्रश्न जीवनमरणाचा होतो. २४ जून १९८२ रोजी जावा बेटाजवळ ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या एका बोइंग ७४७ विमानाची चारही इंजिने बंद पडली. सुमारे ३७,००० फुटांवरून ते १३,५०० फुटांच्या आसपास उतरले, तेव्हा कोठे पहिले इंजिन पुन्हा सुरू झाले. मुळात उंचावरील विरळ व थंड हवेत इंजिन पेटविणे कठीणच असते. म्हणूनच बेंगळुरूसारख्या नगरीत, जेथे १९८९ मध्ये मंजूर झालेल्या कावेरी इंजिनाचे काम हाती घेण्यात आले, ज्वलनाच्या अभ्यासाला विशेष महत्त्व आहे.

ठिणगी नेमके काय करते? ती तप्त वायूचा एक लहानसा गोळा निर्माण करते. गोळ्याच्या अंतर्भागात ज्वलनामुळे उष्णता उत्पन्न होते, तर पृष्ठभागातून ती निसटत राहते. गोळा फार लहान असेल, तर हानी लाभावर मात करते आणि तो विझतो. विशिष्ट आकार ओलांडला, की तो आपल्याच बळावर वाढू लागतो. स्थिर हवेत मिसळलेला मिथेन वायू पेटविण्यास सुमारे ०.३ मिलिज्यूल एवढी अल्प ऊर्जाही पुरते. परंतु बर्नरमधील प्रवाह संक्षुब्ध असतो. त्यातील भोवरे या गोळ्याला ताणतात, फाडतात व थंड करतात.

येथे सरासरी कशी फसवी ठरते, ते पाहू. हवेतील मिथेनचे प्रमाण साधारणपणे ५ ते १५ टक्के असेल तरच मिश्रण पेट घेते. समजा, बर्नरमधील एका बिंदूपाशी ते निम्मा वेळ शून्य आणि निम्मा वेळ १८ टक्के असते. सरासरी ९ टक्के, म्हणजे जवळजवळ आदर्श! तरीही तेथे ठिणगी कधीच यशस्वी होणार नाही. कारण प्रत्यक्षात कोणत्याही क्षणी मिश्रण ज्वलनयोग्य नसते.

यास्तव केवळ सरासरी काढणारी संगणकीय प्रतिरूपे प्रज्वलनाच्या अभ्यासास अपुरी पडतात. उलटपक्षी, प्रत्येक लहानमोठ्या भोवऱ्याचे गणित मांडावे, तर श्रम अफाट वाढतात. प्रवाहाची संक्षुब्धता दर्शविणारा रेनल्ड्स अंक दहापट झाला, की गणनेचे काम सुमारे हजारपट होते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०२२ मध्ये कार्यान्वित झालेल्या परम प्रवेग या महासंगणकाची क्षमता ३.३ पेटाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ३,३०० लक्ष कोटी गणिती क्रियांची आहे. तथापि खऱ्या इंजिनाच्या संपूर्ण ज्वलनकक्षाचे असे सविस्तर गणित एवढ्या सामर्थ्यालाही पेलणारे नाही. म्हणून मधला मार्ग स्वीकारला जातो. मोठे भोवरे प्रत्यक्ष गणिताने सोडवायचे आणि लहान भोवऱ्यांचा परिणाम अंदाजी सूत्रांनी हिशेबात घ्यायचा.

असे एकच गणित करूनही भागत नाही. तीच ठिणगी, त्याच जागी, निरनिराळ्या क्षणी पाडून पाहावी लागते. कितीदा ज्योत टिकली, हे मोजावे लागते आणि प्रयोगशाळेतील निरीक्षणांशी ते ताडून पाहावे लागते. अशा रीतीने मूळ प्रश्नच बदलतो. ‘इंजिन पेटेल काय?’ असे न विचारता ‘शंभर ठिणग्यांपैकी किती यशस्वी होतील?’ असे विचारावे लागते. ठिणगी कोठे पाडावी, ती किती प्रबळ असावी, याचा निर्णय अभियंत्याला या उत्तरावरूनच घेता येतो.